शटरवर दोनदा टकटक

प्रिय पाववाल्या मुली,

तुझं नाव मला ठाऊक आहे, पण माझा मोठा मुलगा तुला असंच म्हणायचा, म्हणून मीही. आमची अक्षरं तुला त्यानेच शिकवली. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ते तुला लागलं, तर माझंही लागेल.

इकडे सगळं ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण शिवणाचं दुकान चालू आहे. सध्या शाळेचे गणवेश आलेत आणि काजं करून बोटं आखडली आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडी एकच विषय, आपली फौज तुमच्या सीमेवर ठेवावी की परत आणावी. शेजारचे मास्तर येऊन म्हणाले, परक्यांच्या घरासाठी आपली पोरं का मरावीत, सभेत तुम्ही बोला. त्यांची पाठ वळते न वळते तोच एक निवृत्त सुभेदार आले. दिलेला शब्द मोडला तर उद्या आपल्या हाकेला कोण धावेल, म्हणे तुम्हीच बोला. मला दोघांचंही पटलं, हीच तर पंचाईत. दोघांनाही स्टेजवर एक आई हवी होती, शक्यतो रडणारी. मी दोघांच्याही पँटी आखूड करून दिल्या आणि नाही म्हणून सांगितलं.

मोठा गेला तेव्हा आधी त्याच्या साहेबांचं पत्र आलं. त्यात शौर्य होतं, कर्तव्य होतं. मग तुझं आलं. पहाटे पहारा संपला की तो तुझ्या बेकरीच्या शटरवर दोनदा टकटक करायचा, रात्र नीट गेली, आता भट्टी पेटव, अशी ती खूण, हे मला तेव्हा कळलं. त्या दिवशी टकटक झालीच नाही. तू दिवसभर शटर उघडलं नाहीस आणि मळलेलं पीठ आंबून वाया गेलं, असं तू लिहिलं होतंस. ते वाचून मी पहिल्यांदा रडले.

तेव्हापासून दुकान उघडायच्या आधी मी बाहेरून दोनदा टकटक करते. आत कुणी नाही हे मला कळतं. तरी कान देऊन उभी राहते. काही सकाळी आत खुर्ची सरकल्यासारखी वाटते, आणि मग शटर वर करायला हात धजत नाही. समोरचा न्हावी विचारतो, मावशी, स्वतःच्याच दुकानात परवानगी मागून शिरता का? मी हसून वेळ मारून नेते.

माझा धाकटा हट्टाने त्याच चौकीवर गेला. किती दिवस मी त्याच्याशी अबोला धरला होता. आता तुझं शटर तोच वाजवतो. तो परत यावा असं मला रोज वाटतं, आणि खरं सांगते, त्या वेळी तुझा विचार मनात नसतो. मग एकदम तुझं ते बंद शटर डोळ्यांसमोर येतं.

परवा त्याचा फोन आला आणि बोलता बोलता तो बोलून गेला. फौज निघतेय. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी पहाटे चौकी रिकामी होणार. तुमच्या गावात कुणाला सांगायची त्यांना सक्त मनाई आहे. तुझा विषय निघाला तसा त्याने फोन ठेवून दिला. माझं पोर घरी येणार म्हणून मी देवाचे आभार मानले, आणि मशीनवर बसले तर पायच हलेनात. चौकी उठल्यावर पुलापलीकडचे हल्लेखोर तुमच्या गावात शिरायला किती वेळ लावतील, हे तुला मी काय सांगायचं? त्याला मनाई आहे, मला कुणी केलेली नाही. त्याचा एक सोबती सुट्टीवरून परत जातोय. तुझ्यासाठी शिवलेल्या एप्रनच्या खिशात हे पत्र घालून त्याच्या हाती देतेय. त्या सोमवारी टकटकीची वाट बघत बसू नकोस. त्याआधीच तुझ्या आईला घेऊन इकडे निघ. दुकानामागची मोठ्याची खोली झाडून ठेवली आहे. पोचशील तेव्हा शटर बंद असलं, तर दोनदा टकटक कर. या वेळी आत खरंच कुणीतरी असेल.

तुझीच,
त्या दोघांची आई