बापाने दिलेली उत्तरं

आई, तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि आता मी तुझ्यासारखीच आरोग्य केंद्रात नर्स आहे. तुझं केंद्र माळशिरसकडचं, माझं अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागच्या वस्तीतलं. तुझ्या खांद्याला लशींचा डबा असायचा, माझ्या हातात टॅब असतो. तरुण पोरांच्या मनाची काळजी घ्यायला आता एक ॲप आलंय. ते रोज फोनवर विचारतं, आज कसं वाटतंय? उत्तर ‘बरं’ आलं की माझ्या टॅबवर त्या नावापुढे हिरवा ठिपका उमटतो.

उन्हाळ्यात बारावी नापास झालेली एक मुलगी आली. झोप नाही, जेवण नाही, बोलताना सारखी ओढणीचं टोक पिळत होती. तिला स्वतःचा फोन नव्हता. मग मी सोबत आलेल्या बापाच्या फोनवर ॲप घालून दिलं. तो टॉवेलच्या कारखान्यात लूमवर कामाला. "देतो की मी रोज तिच्याकडं फोन, मॅडम," म्हणाला. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. वस्तीत घरटी एकच धड फोन, आम्ही सगळ्याच असं करतो.

सहा आठवडे रोज हिरवा ठिपका. मी मीटिंगमध्ये तिचं उदाहरण दिलं, माझं कौतुकही झालं. मग एका दुपारी वस्तीतल्या आशा सेविका धावत आल्या. मुलीने जीव दिला होता.

घरी गेले तर बाप भिंतीला टेकून बसलेला. "मीच दाबत व्हतो, मॅडम. जेवनाच्या सुट्टीत. वाईट दाबलं तर तुमी दवाखान्यात न्याल, मग पोरीचं लगीन कसं व्हायचं?" मला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

लहानपणी स्वयंपाकघरात तुझं रजिस्टर भरताना मी एका बाळाचं मागच्या महिन्याचंच वजन पुन्हा लिहिलं होतं. तू तव्यावरची पोळी जळू दिलीस, पण आधी माझ्या पाठीत धपाटा घातलास. "बाळ काट्यावर ठेवल्याशिवाय आकडा लिहायचा नाही." तेव्हा तुझा फार राग आला होता.

केंद्राच्या साहेबांनी त्या मुलीबद्दल विचारलं तेव्हा मी म्हटलं, बापाने लपवलं. ते खरंच आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून उरलेलं तुला सांगते. जीव देण्याच्या दोन दिवस आधी ती एकटीच केंद्रात आली होती. दारात उभी राहिली. माझ्यापुढे लशीची रांग होती. मी टॅब तिच्याकडे वळवून ठिपके दाखवले आणि म्हटलं, "छान चाललंय की गं तुझं!" तिने ठिपक्यांकडे बघत ओढणीचं टोक पिळलं. "व्हय," म्हणाली आणि गेली.