चंद्रीच्या घरात दोन पिल्लं

६ जानेवारी, मंगळवार
लिहायला उशीर झाला, माफ कर. कंबरेचं हाड जुळेपर्यंत कमलकडे वर्ध्याला राहायला निघालीस तेव्हा सांगून गेली होतीस, लेकीच्या फोनवर तुम्ही अर्धं विसरता, रोजचं रोज लिहून ठेवा, मी आल्यावर वाचीन. पण घरात भानगड होऊन बसली.

वाडीतल्या झोपडीत बारदान्याखाली मांजरीची दोन पिल्लं सापडली. माय बांधावर मरून पडली होती, कुत्र्यांचं काम. एक पिवळं, एक काळं-पांढरं. डोळे उघडलेत, पण दूध बोटावरचंच चाटतात. सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, टोपल्यात घालून घरी आणली. घरात आधीच एक मांजर आहे, आपल्या चंद्रीचा विचार तेव्हा डोक्यात आला नाही. ओसरीवर टोपलं ठेवलं तर ती चुलीमागून आली, वास घेतला आणि फुगून दुप्पट झाली. असा आवाज तिच्या पोटात आहे हे इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

७ जाने., बुधवार
चंद्री जेवली नाही. तू गेल्यापासून तुझ्याच बाजेवर बसते, आज दुपारपर्यंत तिथूनही उतरली नाही.

शेजारच्या वच्छलाबाई भिंतीवरून बोलल्या, "भाऊजी, घाई नोका करू. आठ दिवस दार लावून ठेवा. नवी सून आली तं सासू पयल्याच दिवशी हासते काय?"

दार लावलं. आतल्या खोलीत पिल्लं रडतात, बाहेर ती फटीला नाक लावून गुरगुरते, मध्ये मी. थंडी फार आहे. त्या एवढ्याशा जिवांना आठ दिवस कसं कोंडायचं.

संध्याकाळी तुझा फोन. पहिलं वाक्य, "चंद्री खाते काय?" माझं विचारलंच नाहीस. खाते म्हटलं. पिल्लांचं बोललो नाही. तुला दुखणं कमी आहे का.

९ जाने., शुक्रवार
आज चुकलो.

गाय दुसरीचं वासरू घेत नसली की आपण त्याच्या अंगाला मीठ-पीठ चोळतो. चाटता चाटता माया लागते. आपल्या कपिलेनं घेतलं होतं की. म्हटलं, मांजरीचंही तसंच असेल. दोन्ही पिल्लांना साय चोळली आणि तिच्यापुढे ठेवली. चाटलंही तिनं. पिवळ्याची पाठ, मग मान. मला वाटलं, जमलं. साय संपली, खालचा परका वास लागला, तसा एकच पंजा. पिवळ्याच्या नाकावर रक्त. मी घाबरून खांद्यावरचा दुपट्टा आपटला. तिला लागला नाही. लागला नसावा. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग न्हाणीवरून कवेलूच्या छपरावर, तिथून पलीकडे.

दिवे लागले तरी आली नाही.

११ जाने., रविवार
नाहीच आली.

वच्छलाबाईंना सांगावं लागलं. "साय चोळली? मांजर म्हंजे गाय हाय काय भाऊजी?" खूप हसल्या. "बाईले फोनवर सांगतलं काय?"
"नाई."
"सांगा. मंग जड जाईन."

गिरणी, शाळेमागचा उकिरडा, बसथांबा, सगळीकडे फिरलो. चंद्री, चंद्री करत म्हातारा हिंडतो, लोक पाहतात. माझ्या हाकेला ती कधी आलीच नव्हती. हाक तूच मारायचीस.

१२ जाने., सोमवार
कमलचा फोन. "बाबा, आई म्हणते चंद्रीच्या कानापाशी फोन धरा."

काय करणार. पिवळ्याला धरलं. तू म्हणालीस, "चंद्रे, जेवली काय वं माय?" त्यानं म्याव केलं. तू लगेच, "हे चंद्री नाई होय. कोनाचं लेकरू होय?"

सगळं सांगितलं. साय, दुपट्टा, सगळं. तू रागावशील म्हणून वाट पाहत होतो.

"नाकाले हळद लावली काय त्याच्या?"
"लावली."
"दांडीवरचं माह्यं जुनं लुगडं घ्या. धुवू नोका. पिल्लायले त्यात झोपवा, वसरीवर. पयले तिले माह्या वास घेऊ द्या. मंग त्यायचा घेईन."

फोन ठेवता ठेवता म्हणालीस, "मी आली आन् ती नसली तं..." मी तेवढ्यावरच अडकून आहे.

१४ जाने., संक्रांत
वच्छलाबाईंनी तिळगूळ दिला. गोड लागला नाही.

लुगडं ओसरीवर आहे. काल दुधाची वाटी भरून ठेवली होती, सकाळी कोरडी. कुत्रंही असेल. पण लुगड्यावर करडे केस होते. उन्हात धरून पाहिले. चंद्रीचे वाटतात. माझ्या डोळ्यांचं काय सांगावं.

१५ जाने., गुरुवार
सकाळी लुगड्यात एकच पिल्लू. काळं-पांढरं. पिवळं नाही.

रक्त नाही, ओढाताण नाही. त्याच्या जागी खोलगा, हात लावला तर कोमट. वच्छलाबाई म्हणतात, "तिनंच नेलं. मांजर पिल्लं सात घरं फिरवते." मी म्हटलं, ती आपली स्वतःची पिल्लं, हे तर परकं. मग म्हणाल्या, "बोका बी हाय म्हना गावात."

माळा पाहिला, गुरांच्या कुटाराचा ढीग पाहिला, त्यांच्या गोठ्यातही पाहिलं.

उरलेलं एकटं रडतं आहे. आत घ्यावं तर, ती याला न्यायला आली आणि दार लावलेलं दिसलं तर पुन्हा फिरकायची नाही. बाहेर ठेवावं तर, तो बोका असला म्हणजे.

दुपारपासून कमलचा फोन लागत नाही. वच्छलाबाई आता वर्ध्याच्या गाडीनं निघाल्यात, ही पानं फाडून त्यांच्यापाशी देतो. तू येऊन वाचणार होतीस, पण तेवढा दम नाही. ऊन ओसरीवरून उतरलं. पिल्लू मांडीवर आहे, तुझ्या लुगड्यात, आणि मी उंबऱ्यात बसलो आहे, आत ना बाहेर. दार लावू की उघडं ठेवू, एवढं सांग. लवकर सांग.