अर्धी मात्रा आधी

कॅल्डरशॉ, यॉर्कशर
३ सप्टेंबर १९७८

चि. अँब्रोज यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. शिडीवरून पडून तू पाय मोडून घेतलास हे कळलं. अडुसष्टाव्या वर्षी पेअर काढायला झाडावर चढणारा आपल्या घराण्यात तू पहिलाच.

इथे तुझ्या रेकॉर्डपुढे कुणाला काही सुचत नाही. लंडनची कंपनी एकाच संगीतकाराच्या रचनांची अख्खी तबकडी काढते, आणि तो संगीतकार अजून जिवंत आहे, यावर आमच्या गायनमंडळाचा विश्वास बसत नाही. वाद्यवाल्यांना तासाप्रमाणे पैसे आणि आम्हाला चहा, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार निराळीच आहे. ग्लेडहिल मास्तरांनी सगळ्यांचे आवाज पुन्हा तपासले आणि मला वगळलं. 'पठारावरची पहाट' तू लिहिलीस तेव्हापासून, बेचाळीस वर्षं, मी ती खालच्या पट्टीतल्या बायकांत, आल्टोंच्या पहिल्या रांगेत उभी राहून गाते आहे. मला त्या तबकडीवर असायचं आहे, दुसरं काही नको. रचना तुझी आहे. मास्तरांना चार ओळी लिही.

तुझा लोभ आहेच. या खेपेला तो जरा कामाला लाव.
तुझी ताई,
हेस्टर


ससेक्स
८ सप्टेंबर

ती. हेस्टरताईस,
सा. न. वि. वि. पत्र पोचलं. प्लास्टरच्या आत खाज सुटते, आणि डॉक्टर विणायची सुई आत घालू देत नाहीत. ध्वनिमुद्रणाला यायचं तर राहिलंच.

मास्तरांच्या कामात रचनाकाराने ढवळाढवळ करणं बरं दिसत नाही, ताई. शिवाय माइक फार दुष्ट असतो. सभागृहात खपतं ते त्याच्यापुढे खपत नाही. आणि तुझ्या वयाला तीन तास उभं राहणं झेपायचं नाही, ही काळजी आहेच. इथे हवा छान आहे. तू दिलेला आल्याचा केक संपला.

राग नसावा, आणि असलाच तर पत्रातून कळावा, फोनवरून नको.
तुझा,
अँब्रोज


कॅल्डरशॉ
१४ सप्टेंबर

चि. अँब्रोज यास,
आशीर्वाद, या खेपेला एकच. माझ्या वयाची काळजी वाचून डोळे भरून आले. काल चॅपलबाहेर ग्लेडहिल मास्तरांना गाठलं. त्या माणसाला खोटं बोलता येत नाही. म्हणाले, मिस सग्डन, मला काही तुम्हाला वगळायचं नव्हतं, तुमच्या भावाचाच फोन आला होता. तुझं म्हणणं असं, की वाद्यं थांबून आल्टो जिथे एकट्या सुरू करतात, तिथे मी अर्धी मात्रा आधी येते.

येत असेन. तू शाळेला, चॅपलला, जेवायलासुद्धा उशिरा यायचास. घरात कुणीतरी आधी यायला हवंच होतं.

ध्वनिमुद्रणाच्या दिवशी मी चहाच्या टेबलाशी असेन. कळवायचं ते कळवलं.
हेस्टर


कॅल्डरशॉ
१ ऑक्टोबर

चि. अँब्रोज यास,
आशीर्वाद. तुझं उत्तर नाही. पाय मोडला होता, हात शाबूत होते असा माझा समज.

काल ध्वनिमुद्रण झालं. त्या जागेपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग व्हायोलिनं विरली, लंडनहून आलेल्या वाद्यवृंदाच्या संचालकाने आल्टोंकडे हात केला, आणि कुणीच आलं नाही. दुसऱ्या वेळी मिसेस ऑलरनशॉ एकटी आली आणि घाबरून गप्प बसली. तिसऱ्या वेळी सगळ्या आल्या, पण आपापल्या सोयीने. साडेपाचला वाद्यवाले उठणार होते. एकाने वाद्य ठेवायची पेटी उघडूनही ठेवली होती. संचालकाने कांडी खाली ठेवून विचारलं, बायांनो, एरवी तुम्ही इथे येता तरी कशा. मिसेस ऑलरनशॉने सांगून टाकलं:

"हेस्टर आली की आम्ही येतो."

मी आत बशा पुसत होते. मास्तर बोलवायला आले. उरलेल्या दोन पुसल्या आणि मग गेले. एप्रन काढायला वेळ नव्हता. मी आले, सगळ्या आल्या, आणि सूर असा लागला की तुतारीवाला घड्याळ बघायचा थांबला. लगेच साडेपाच वाजले आणि वाद्यं पेट्यांत गेली. कंपनीकडे आता तेवढंच आहे. त्याचं काय करायचं ते तू ठरव. मला त्याबद्दल काहीही म्हणायचं नाही, म्हणूनच इतकं सविस्तर लिहिलं.
हेस्टर


ससेक्स
२० ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. हात शाबूत होते, तोंड दाखवायला जागा नव्हती.

कंपनीचा माणूस फीत घेऊन घरी आला. तू अर्धी मात्रा आधी आहेस, आणि तुझ्यामुळे आल्टोंची सगळी रांगच. तो म्हणाला, काळजी करू नका, एका ब्लेडचं आणि चिकटपट्टीचं काम आहे, व्हायोलिनचा तुकडा मध्ये जोडला की कुणाला कळायचं नाही. मी म्हटलं, पुन्हा वाजव. बेचाळीस वर्षं ती जागा जवळ आली की तू आधी येणार या धास्तीने मी खोकायला लागायचो, त्यामुळे तिथे काय होतं ते मी कधी ऐकलंच नव्हतं. या खेपेला ऐकलं. व्हायोलिनं पुरती विरायच्या आत तुम्ही येता. तेच बरोबर आहे.

त्याला सांगितलं, ब्लेड खिशात ठेव, बाई बरोबर आहेत, छपाई चुकली आहे. त्याने माझं हस्तलिखित पुढे केलं. मी म्हटलं, तेही चुकलं आहे. टीकाकारांनी इतकं झोडपलं तरी मी एक सूर हलवला नव्हता. आता प्रकाशकाला दुरुस्ती पाठवली आहे. नव्या प्रती येतील, त्यांत आल्टो अर्धी मात्रा आधी.

रागावली असलीस तर केक पाठवू नकोस. नसलीस तर दोन पाठव.
तुझा,
अँब्रोज


कॅल्डरशॉ
११ डिसेंबर

चि. अँब्रोज यास,
अनेक आशीर्वाद, मागचे थकलेलेही. तबकडी आली. चॅपलमागच्या खोलीत सगळ्यांनी मिळून ऐकली. प्रत्येकीला आपापला आवाज ओळखू आला. मिसेस ऑलरनशॉला तर आल्टो गातच नाहीत तिथेही आला. केक वेगळ्या टपालाने पाठवला आहे, एकच. बसल्या बसल्या तुझं पोट सुटलं असेल.

नव्या छापील प्रतीही आल्या. मंगळवारी त्यांवरून पहिली तालीम झाली. सगळ्यांनी नवी खूण पेन्सिलीने ठळक करून घेतली होती. तिथे पोचलो, मी आले, माझ्याबरोबर सगळ्या आल्या. ग्लेडहिल मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, मिस सग्डन, नव्या खुणेच्याही अर्धी मात्रा आधी.

तेव्हा प्रकाशकाला आता पुन्हा लिहू नकोस. त्यांनाही दुसरी कामं असतील.
पाय सांभाळ, आणि तुझ्या लोभाला उशीर होऊ देऊ नकोस.
तुझी ताई,
हेस्टर