मॅच पॉइंटला चेंडू जाळीत

१९ ऑक्टोबर

जयदीपचा फोन! धाकटा भाऊ स्वतःहून फोन करतो म्हणजे काहीतरी काम असणार. 'ताई, माळा साफ करताना टेनिसचा गेम सापडला. चालतोय! भाऊबीजेला गावी माणला ये, खेळू.'

२००६ साली आमची पहिली जमीन आयटी पार्कला गेली, तेव्हा नानांनी, आमच्या वडिलांनी, टीव्हीला जोडायचा तो गेम आणला होता. गावात पहिला! त्यात जयदीपचा खेळाडू गेंडा, माझी आजीबाई – रॅकेट तिच्यापेक्षा मोठी. स्मॅश बसला की समोरच्याच्या डोक्याभोवती चांदण्या! नाना बाजेवर बसून हसायचे. त्यांना जाऊन वर्ष होईल. फार आठवण आली.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

ओवाळलं. जयदीपने ताटात पैठणी ठेवली. पैठणीखाली कागद – हक्कसोडपत्र! नानांच्या उरलेल्या जमिनीवरचा हक्क मी सोडला, असं लिहून द्यायचं. 'सगळ्याच बहिणी देतात, ताई. मंगळवारी रजिस्ट्रेशनला जाऊ.' आई ताट उचलून आत गेली. मी कागद पर्समध्ये टाकला. सणासुदीला कुठे वाद घालायचा!

मग खेळलो. मॅच पॉइंट माझा होता – आणि माझ्या अंगठ्याने आपोआप चेंडू जाळीत घातला. पुढचे पॉइंट त्याने घेतले नि सोफ्यावर नाचला. 'ताई, तू अजून हरतेस!'

त्याला माहीतच नाही. लहानपणी आई स्वयंपाकघरातून डोळे वटारायची, 'आगं, भाऊ हाय तुजा, जिंकू दे की!' मग मी दर वेळी मुद्दाम जाळीत मारायचे. तो रडायला लागला की मला बघवायचं नाही. शेंबडा, पण लाडका. अजूनही आहे, मेला!

२५ ऑक्टोबर

सही नाही केली तर माहेर तुटेल. शेखर म्हणतो, 'तू ठरव.' नवऱ्याला काय जातंय म्हणायला!

२७ ऑक्टोबर

डोकं दुखतंय. पैठणी अजून घडीतच.

२८ ऑक्टोबर

रजिस्ट्रेशन ऑफिसात गेलो. सही केली नाही. जयदीप गाडी घेऊन निघून गेला. आईला रिक्षात बसवलं. म्हटलं, आता बोलणी खायची! तिने माझा हात घट्ट धरला. 'माज्या भावांनी सही घेतली, तवा तू पोटात व्हतीस. लई वाटत व्हतं, करू नये. केली.'