समोरच्या दाराची ओसरी

गॅनेट आर्म, न्यूफाउंडलंड
३ सप्टेंबर १९६१

चि. सेल्बी यास एफीताईचे अ. आ.

मी बरी आहे. तुझ्या बर्नडेटला सांग, तिने विणलेले मोजे बाबा रोज घालतात. कुणी पाठवले ते मी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

काळजी वेगळीच आहे. बाबा समोरच्या दाराला ओसरी बांधतायत. हसू नकोस. गावात कुणाच्याच समोरच्या दाराला साधी पायरीसुद्धा नाही. छातीइतकं उंच दार आणि खाली गवत. आपली सगळी ये-जा स्वयंपाकघरातून. समोरचं दार कधी उघडतं, ते तुला माहीत आहे. आईची शवपेटी तिथूनच काढली. खाली बर्फात उभ्या माणसांनी ती झेलली आणि एक टोक निसटलं. बाबांचा तेव्हाचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

मासे वाळवायची जुनी माची मोडून त्यांनी खांब काढलेत. इतकी रुंद ओसरी कशाला म्हटलं, तर म्हणाले, चार माणसं अंगाला अंग लावून चालली पाहिजेत. मला आईची शवपेटीच आठवली. उन्हाळ्यात इस्पितळाची बोट आली, तेव्हा ते तपासून घेऊन आले होते. डॉक्टर काय म्हणाला विचारलं, तर म्हणे, हवा छान आहे म्हणाला. आता तूच सांग, मी काय समजू?

घाईत लिहिलं आहे, माया तेवढीच आहे.
तुझी एफीताई

टोरांटो
१९ सप्टेंबर

ती. एफीताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलोच. वाटलं, तुझंच लग्न ठरलं. नवरीलाही समोरच्याच दारातून उचलून आणतात-नेतात ना! पोस्टमास्तर अजून तुझ्याकडे बघून टोपी काढतो का? मग ते चार माणसांचं वाक्य पुन्हा वाचलं आणि हसू मावळलं.

ताई, त्यांच्या हातातली हातोडी काढून घे. गावातल्या नर्सला गाठ, डॉक्टरचं म्हणणं काढ. मला यावंसं वाटतं गं, फार वाटतं. पण कॅथलिक मुलीशी लग्न करतोय म्हटल्यावर ते काय म्हणाले, तू ऐकलं आहेस. मी जिवंत आहे तोवर तिचा पाय या घराला लागायचा नाही, असं म्हणाले. तिला टाकून मी यायचं का? आणि नाही आलो, तर पेटीला खांदा द्यायलाच यायचं? बर्नडेट म्हणते, एकट्याने जा, मी रागावणार नाही. तिचा हा समजूतदारपणाच मला जास्त लागतो.

ताबडतोब कळव. तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलोय.
सेल्बी

गॅनेट आर्म
६ ऑक्टोबर

चि. सेल्बी यास अ. आ.

हातोडी काढून घे म्हणे! तूच ये आणि काढून घे. मी लपवली तर दगडाने खिळे ठोकायला लागले. शेजारचे मदतीला आले, त्यांना म्हणाले, आपापली घरं गळतायत ती बघा आधी. नर्स तोंड उघडत नाही, नुसता माझा हात दाबते. तिथेच मी काय ते समजले.

काल छपराची शेवटची फळी ठोकून उतरले आणि खालीच बसले. ओठ निळे पडले होते. खोकला थांबेना. मी रडले तर मलाच दटावलं, चहा टाक म्हणाले.

एक गोष्ट मात्र कळत नाही. ओसरीवर त्यांनी बाकडं केलंय, पाठ टेकायला तिरकी फळी लावून, होडीचा उरलेला हिरवा रंग देऊन. शवपेटीला बाकडं कशाला? विचारायचा धीर झाला नाही.

नोव्हेंबरच्या मध्यात शेवटची बोट, मग खाडी गोठेल. सेल्बी, ये. हाकललं तर होड्यांच्या खोपटात झोप, पण ये.

वाट पाहणारी,
एफीताई

गॅनेट आर्म
१२ ऑक्टोबर

सेल्बी,

एफी तुला काय लिहिते ते वाचत नाही, पण तिची पाकिटं पोस्टात मीच नेऊन टाकतो. पोस्टमास्तर दर वेळी तुझा पत्ता मोठ्याने वाचतो. गाढव आहे.

फुप्फुसं गेली आहेत. वसंतातल्या बोटी मला दिसायच्या नाहीत. एफीला सांगितलं नाही, रडून घर डोक्यावर घेईल. ओसरी दोन कामांसाठी बांधली आहे. त्यातलं एक टळत नाही. दुसरं त्याच्या आधी व्हावं असं मला वाटतं. सून पहिल्यांदा घरात येते ती समोरच्या दाराने. मागच्या दाराने, माशांच्या बादल्या ओलांडत आलेली मला चालायची नाही.

तिचा पंथ मला आजही पटत नाही. तिला तसं सांग, नंतर गैरसमज नको. तिला काय बोलायचं असेल ते तिने बाकड्यावर बसून बोलावं. बाकडं त्यासाठीच केलं आहे. मोजे गरम आहेत, हेही सांग.

तुझ्याशी बोलणं तोडलं होतं. लोभ मला तोडता आला नाही.

तुझा बाप

ता. क. सगळ्यात खालची पायरी ठोकायची राहिली आहे. माझ्याने आता वाकवत नाही. तिला क्षणभर खाली उभी कर, आधी ती ठोक, मग तिला वर आण.