साहेबांच्या डोक्यावरची शीव

कार्तिक शुद्ध १२, शके १७८६. मु. भातकुलीजवळ

पाठ गेली. दिवसभर मोजणीच्या साखळीमागे कारकुनाची वही घेऊन उन्हात चाललो. तंबूत येऊन आडवा होतो न होतो तोच बाहेर आरडाओरडा. साहेबांचा खेळ सुरू.

डनमोर साहेब पलटणीतले लेफ्टनंट. सरकारने वऱ्हाडच्या मोजणीवर पाठवलेले. वय माझ्या धाकट्या भावाएवढे, खांदे मात्र बैलाचे. दिवसा आमच्या दुप्पट चालतात आणि संध्याकाळी चेंडू घेऊन पळतात. चेंडू कसला, तेलाचा बुधलाच, लांबट, चामड्याचा. तो बगलेत धरून पलीकडच्या रेषेपार नेऊन टेकवायचा, आणि बाकीच्यांनी नेणाऱ्याला वाटेत धरून आपटायचे. हा म्हणे विलायतेतल्या थोरामोठ्यांच्या मुलांचा खेळ!

आज साखळीवाल्या खलाशांना शिकवत होते. साहेबाला आपटले तर नोकरी जाईल म्हणून सगळे अदबीने बाजूला होऊन वाट देत होते. साहेब भडकले. "अरे धरा मला! वाट काय देता!" शेवटी एका दांडग्याने डोळे मिटून कंबरेला मिठी घातली आणि दोघे काळ्या मातीत गडाबडा. उठून साहेबांनी त्याची पाठ थोपटली. मी हसून हसून बेजार. पाठीचे दुखणेही विसरलो.

कार्तिक पौर्णिमा

आज शिरसखेड आणि वाघोडीच्या मध्ये काम. काम कसले, भांडण ऐकणे. दोन गावांमधल्या नाल्याने पात्र बदलले, त्यामुळे मधला तुकडा दोघेही आपला म्हणतात. पूर्वी तिथे कुणी ढोर बांधत नव्हते. पण तिकडे अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून इकडे कापसाला सोन्याचे दिवस आलेत. बैलांची शिंगे चांदीने मढवतात हे लोक! दोन्ही गावांनी तुकड्यात पेरा केला आहे. गेल्या साली वेचणीला लाठ्या चालल्या. त्यात शिरसखेडच्या जानराव पाटलांचा तरणाबांड भाचा गेला. यंदा कापूस फुटत आला आहे आणि दोन्ही गावांत लाठ्यांना तेल लागते आहे, असे खलाशी सांगतात.

साहेबांनी नकाशा उलगडला. जानरावांनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "तुमची साखळी लोखंडाची हाय साहेब. शीव मातीनं ठरते." वाघोडीच्या नथ्थूजी पाटलांनी मान डोलावली. एवढ्या एका गोष्टीत दोघांचे एकमत.

इथली रीत अशी. दोन्ही गावांना पटेल अशा माणसाने आंघोळ करून, उपाशीपोटी, अनवाणी, शिवेची माती डोक्यावर घेऊन चालायचे. तो चालेल ती शीव. मग सव्वा महिना वाट पाहायची. तेवढ्यात त्याला इजा झाली, हाड मोडले, ताप आला, तर शीव खोटी. तोवर तिथल्या पिकाला कोणी हात लावायचा नाही. रीत ठीक आहे, पण दोघांनाही पटेल असा माणूस ह्या मुलखात जन्मायचा आहे.

कार्तिक वद्य ५

नवल. दोन्ही पाटील एका वेळी तंबूवर. एकमेकांकडे पाठ करून बसले आणि दोघेही माझ्याशीच बोलले.

"पंतजी, साहेबालेच म्हना चालाले. तो ना त्यायचा, ना आमचा."

मी म्हटले, वेड लागले का? सरकारचा लेफ्टनंट डोक्यावर टोपले घेऊन अनवाणी चालणार? छावणीतले बाकीचे गोरे काय म्हणतील? साहेबांनी सगळे ऐकून घेतले. एकच प्रश्न विचारला, "वाटेत टोपले हाताने धरता येते का?"

येते म्हटल्यावर तयार!

मग मात्र दुपारभर दोन्ही गावांच्या म्हाताऱ्यांना घेऊन नाल्याचे जुने पात्र पायाखाली घातले. नकाशा आणि म्हातारे यांचा मेळ बसेपर्यंत सोडले नाही. मी मनात म्हटले, रीत त्यांची, पण चालणार आपल्या हिशेबानेच. अक्कल आहे.

कार्तिक वद्य ८

चालले. मी डोळ्यांनी पाहिले.

पहाटे विहिरीवर आंघोळ. गोरी पाठ थंडीने लाल झालेली. खांद्यावर घोंगडी, डोक्यावर टोपले. दोन्ही गावे दोन बाजूंना उभी. कपाशीच्या पराट्यांची बोंडे फुटायला लागली आहेत, त्यांतून हा माणूस सरळ चालत गेला. जुन्या पात्रात बाभळीचे काटे. पाय रक्ताळले. थांबले नाहीत, खाली पाहिले नाही. शेवटच्या दगडाशी टोपले उतरवले तेव्हा नथ्थूजी रडत होते. मीही रडलो, लपवून काय करू?

तुकडा बराचसा वाघोडीकडे गेला. जानराव पाठ फिरवून निघून गेले.

कार्तिक वद्य १२

करमणूक चालली आहे. वाघोडीने साहेबांना अगदी बाळंतिणीसारखे जपायला घेतले आहे. सकाळी दूध, दुपारी तूप, पायाला हळदीचा लेप. साहेब घोड्यावर बसू लागले की दोघे जण लगाम धरतात. काल चेंडूच गायब! नथ्थूजींच्या घरी कणगीत सापडला.

आणि शिरसखेडहून आज भेट काय आली असेल? एक घोडा. डोळे पांढरे करणारा, खलाशाला चावलेला. "साहेबाले बसाले," म्हणे. साहेब पोट धरधरून हसले. घोडा परत पाठवला.

मार्गशीर्ष शुद्ध ४

नाताळात अकोल्याला सामना ठरला. आगगाडीचा रस्ता बांधणारे साहेब एका बाजूला, अमरावतीचे दुसऱ्या. आमचे साहेब आनंदाने तंबूभर फिरत होते. मग मला बसवून सांगितले. त्यांचा मुलूख स्कॉटलंड. तिकडे बोलणी चालली आहेत की साऱ्या स्कॉटलंडातून माणसे निवडून इंग्लंडशी खेळायचे. एक कप्तान साहेब हा सामना पाहून विलायतेला परत जाणार. त्यांच्या मनात भरले तर नाव तिकडे पोचेल.

"लहानपणापासून एवढेच हवे होते, पंत."

इतका दांडगा माणूस हे सांगताना लाजला. मला फार बरे वाटले. मग नाताळाची तिथी पाहिली आणि बोटांवर दिवस मोजले. सव्वा महिना त्यानंतर भरतो.

मार्गशीर्ष शुद्ध ९

नथ्थूजी आले. पाया पडले. "नका खेळू साहेब. तुमचं बोट जरी मोडलं तं गावात मुर्दे पडतीन."

ते जातात तोच जानराव. मिशीवर ताव. "काहून भेता साहेब? खेळा ना! देव खरा असन तं काई होत नाई." काय बेरकी माणूस! पण डोळ्यांत भाचाच दिसत होता. त्यांच्या लेखी ती जमीन त्या पोराच्या रक्ताची.

संध्याकाळी साहेबांनी मला विचारले, काय करू? मी म्हटले, आपण ख्रिस्ती, आपल्याला हे बंधन कसले. खरे तर मला त्यांना खेळताना पाहायचे होते, त्यांच्या जोडीच्या माणसांशी.

"पंत, ती माती अजून माझ्या डोक्यावर आहे," म्हणाले. आणि दिवा जवळ ओढून नकाशा काढत बसले.

मार्गशीर्ष वद्य ६

अमरावतीहून दोन गोरे येऊन गेले. तंबूत मोठमोठ्याने बोलणे झाले. मला एक शब्द नीट कळला, 'भित्रा'. साहेबांनी त्यांना चहा पाजला. ते गेल्यावर एकटेच रानात लांबवर पळून आले. न खेळणाऱ्याने दम कशाला कमवायचा? पण विचारायची छाती झाली नाही.

मार्गशीर्ष वद्य १२. मु. अकोला

आजच लिहिले पाहिजे.

साहेब खेळत नव्हते; चेंडू बाहेर गेला की दाखवायचे निशाण घेऊन रेषेशी उभे, अंगात कोट, डोक्यावर टोपी. खेळणारे येता-जाता टोमणे मारत होते. अमरावतीची बाजू एका गड्याने कमी पडून सपाटून मार खात होती. कप्तान साहेब खुर्चीत जांभया देत होते.

गर्दीत जानराव! कापसाच्या गाड्या घेऊन बाजाराला आलेले, तमाशा पाहायला थांबले. मला म्हणाले, "हा काहून उभा हाय?" मी भडकलोच. म्हटले, तुमच्या शिवेपायी. मग सगळे सांगितले, विलायतेचे, त्या कप्तानाचे, लहानपणापासूनचे. जानराव ऐकत राहिले. साहेबांकडे पाहत राहिले.

मग धोतर खोचून सरळ मैदानात! शिपाई मागे धावला. जानरावांनी साहेबांच्या डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी उचलली, खाली मातीवर ठेवली.

"उतरली माती, साहेब. शीव आमाले कबूल. मी पाटील सांगून राहिलो. आता जाय, खेळ!"

गोऱ्याच्या टोपीला हात! साहेब पुतळा झाले. मग निशाण माझ्या हातात कोंबले आणि कोट काढून पळाले.

काय सांगू. दोघांना अंगावर घेऊन, तिसऱ्याला झुकांडी देऊन, चेंडू छातीशी धरून रेषेपलीकडे. पुन्हा एकदा तसेच. कप्तान खुर्चीतून उभे. मी निशाण फेकून नाचलो, पागोटे कुठे पडले कळले नाही. जानराव घसा फुटेस्तोवर ओरडत होते, "दाब! दाब!"

तिसऱ्या वेळी चार जण अंगावर पडले. सगळे उठले, साहेब उठले नाहीत. खांद्याचे हाड मोडले.

कप्तान येऊन काहीतरी बोलले. साहेब फक्त म्हणाले, "थॅंक यू सर." नाव विलायतेला जाईल की नाही, ते काही कळले नाही.

मार्गशीर्ष अमावास्या. मु. शिरसखेड

साहेबांनी वैद्याचे ऐकले नाही. हात गळ्यात बांधून बैलांच्या दमणीतून आले. बातमी आमच्या आधी पोचलेली. चावडीवर सारे गाव.

"हाड मोडलं. शीव खोटी!"

जानराव म्हणाले, "माती मी आंधी उतरवली, हाड मंग मोडलं. शिवेनं नाई मोडलं, खेळानं मोडलं."

"तुमाले उतरवाचा अधिकार कोनं देला?"

गर्दीतून एकाने विचारले. तरुण पोरे लाठ्या घेऊन मागे उभी. साहेब पुढे होऊन बोलायला लागले, जानरावांनी हाताने थांबवले. "तुमी नाई साहेब. आता हे माह्या डोक्यावर." काल-परवापर्यंत मी ह्या माणसाला बेरकी म्हणत होतो.

सव्वा महिना आज भरला; उद्या सकाळी वाघोडीच्या बाया तुकड्यात वेचायला येणार. जानराव म्हणाले, मी आधीच जाऊन शिवेवर बसतो, ज्याला लाठी चालवायची त्याने माझ्यावर चालवावी. साहेब म्हणाले, मीही बसेन. पोरे लाठ्या खांद्यावर टाकून उठली. चावडी रिकामी झाली.

निघताना चावडीशेजारच्या पाटलांच्या वाड्याच्या दारात जानरावांची विधवा बहीण उभी होती, त्या गेलेल्या पोराची आई. इतका वेळ आतूनच ऐकत असणार. साहेबांच्या गळ्यातल्या हाताकडे तिने पाहिले, मग भावाकडे.

"दादा, सकाळी मीबी येतो शिवेवर."

जानरावांनी विचारले, "कोनाकून बसशीन, बाई?"

तिने अंगणातली मूठभर माती उचलून डोक्यावर ठेवली आणि आत गेली.