वरातीतला फोड

सिंदी मेघे, सोमवार, संध्याकाळ

टाचेवर चिंचोक्याएवढा फोड. नवी सँडल, घामेजलेले पाय, आणि काल आर्वीला मुलाच्या वरातीत तासभर नाच! दुसरं काय होणार? सकाळपासून साडीच्या काठाखाली लपवत फिरले. काऊन पण? सासूनं नाचून पाय सोलून घेतले, हे नव्या सुनेला दिसू नये म्हणून?

दुपारी ती पाया पडायला वाकली आणि तिला दिसलंच. आता कसली लाज, मी सुई मागितली.

"फोडू नका, आई, पिकन तो. वरची कातडीच त्याले सांभाळते."

माझा पाय साबणाच्या पाण्यानं धुतला, मांडीवर घेऊन अलगद टिपला, वर स्वच्छ सुती कापडाची सैल पट्टी बांधली. "राहू दे वं पोरी," मी म्हणतच राहिले. पहिल्याच दिवशी सुनेनं आपला पाय मांडीवर घ्यायचा, कसंसंच झालं.

मग तिनं हळूच स्वतःची साडी वर केली. तिच्याही टाचेवर तस्साच, चिंचोक्याएवढा.

"मी बी सकाळपासून लपवूनच राह्यली."

उरलेलं कापड मी घेतलं. तिचा पाय मांडीवर ओढला, तशी ती आक्रसली. "राहू द्या ना, आई."

मी सोडला नाही.